छेदनबिंदूमागचा माणूस : रेने देकार्त

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला आलेखाचा कागद काही चुकत नाही. समजा, वह्यांच्या धंद्यात स्थिर खर्च ६०० रुपये, दर वहीमागे आणखी २० रुपये आणि विक्रीची किंमत ५० रुपये. खर्चाची रेषा य = ६०० + २०क्ष, विक्रीची य = ५०क्ष. दोन्ही ठिकाणचा य सारखा धरला की क्ष = २०, य = १०००. पट्टी न लावताच छेदनबिंदू सापडला : २० वह्यांवर ना नफा, ना तोटा. रेषेला समीकरण असते हे जगाला शिकविणाऱ्यांत अग्रभागी नाव देकार्त यांचे.

३१ मार्च १५९६ रोजी फ्रान्समधील ला हे या गावी त्यांचा जन्म झाला. दुसऱ्याच वर्षी आई वारली. ला फ्लेश येथील जेझुइट विद्यालयात, प्रकृती नाजूक म्हणून, त्यांना सकाळी उशिरापर्यंत अंथरुणात राहण्याची सवलत होती. (आमच्या वसतिगृहात ती नाही!) ही सवय त्यांनी जन्मभर सांभाळली. छतावरची माशी पाहून त्यांना निर्देशक सुचले, ही गोष्ट मात्र दंतकथाच दिसते.

१६१६ साली कायद्याची पदवी घेतली, पण वकिली केली नाही. १६१८ मध्ये हॉलंडच्या सैन्यात गेले. तेथे ब्रेडा शहरी आयझॅक बेकमन भेटले आणि गणिताचे वेड लागले. पुढे १६२८ पासून हॉलंडमध्येच राहिले. १६३३ मध्ये गॅलिलिओंना शिक्षा झाल्याचे कळताच स्वतःचा विश्वरचनेवरील तयार ग्रंथ त्यांनी छापला नाही. याला कोणी भित्रेपणा म्हणेल. मला ती सावधगिरी वाटते.

१६३७ साली लायडन येथे निनावी प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाला 'भूमिती' हा निबंध जोडलेला होता. वक्रावरील बिंदूची जागा दोन लांबींनी सांगावी, त्या लांबींचा संबंध समीकरणात मांडावा, म्हणजे भूमितीचा प्रश्न बीजगणिताने सुटतो, ही त्यातील युक्ती. आपण आखतो तसे दोन काटकोनी अक्ष मात्र त्यात नाहीत. ते नंतरच्यांनी रूढ केले. फर्मा यांनाही हीच वाट स्वतंत्रपणे सापडली होती, पण त्यांचे लिखाण १६७९ पर्यंत छापलेच गेले नाही.

१६४० मध्ये पाच वर्षांची मुलगी फ्रान्सीन दगावली. १६४९ मध्ये स्वीडनची राणी ख्रिस्तिना हिने त्यांना शिकविण्यासाठी बोलावले. राणीची वेळ पहाटे पाचची आणि दिवस कडाक्याच्या थंडीचे. उशिरा उठणाऱ्या त्या माणसाला न्यूमोनियाने गाठले. ११ फेब्रुवारी १६५० रोजी स्टॉकहोम येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा वय ५३ होते.