मॉन्टेसरीची पद्धत सुरू झाली ती 'शिकूच शकणार नाहीत' म्हणून कोंडलेल्या मुलांपासून!

तुमच्या आसपास एखादी तरी मॉन्टेसरी असेलच. रंगीत ठोकळे, मणी, खरखरीत कागदाची अक्षरं. हे सगळं ज्या बाईंच्या नावाने चालतं, त्यांनी सुरुवात मात्र हुशार मुलांपासून केली नव्हती.

मारिया मॉन्टेसरी यांचा जन्म 31 ऑगस्ट 1870 चा, इटलीतल्या किआराव्हाले गावचा. 1896 मध्ये त्या रोमला डॉक्टर झाल्या. तेव्हा मुलींनी डॉक्टर होणं इतकं विचित्र वाटायचं, की मुलांसोबत शवविच्छेदन नको म्हणून त्यांना ते वर्ग संपल्यावर एकटीने करावं लागे.

पुढच्याच वर्षी विद्यापीठाच्या मनोरुग्ण विभागात काम करताना त्या वेड्यांच्या इस्पितळांत जाऊ लागल्या. बौद्धिक वाढ कमी असलेली मुलंही तिथेच, मोठ्या रुग्णांसोबत ठेवलेली असत. एक प्रसंग नेहमी सांगितला जातो. जेवण झालं की मुलं जमिनीवर पडलेले पावाचे तुकडे गोळा करत बसायची. सांभाळणाऱ्या बाईला ती हावरट वाटली. मारियांना दिसलं ते वेगळंच: त्या रिकाम्या खोलीत हात लावायला दुसरी वस्तूच नव्हती!

मग त्यांनी इतार आणि सेगाँ या दोन फ्रेंच डॉक्टरांचं काम शोधून वाचलं. सेगाँचं पुस्तक तर स्वतःच्या हाताने इटालियनमध्ये उतरवून काढलं. 1900 मध्ये रोममध्ये अशा मुलांसाठी आणि त्यांच्या शिक्षकांसाठी संस्था निघाली, तेव्हा त्या तिच्या प्रमुखांपैकी एक होत्या. सकाळी आठ ते संध्याकाळी सात त्या मुलांमध्येच असायच्या.

तिथली अकरा वर्षांची एक मुलगी. हातात ताकद होती, पण रफू काही केल्या जमेना. मारियांनी सुई बाजूला ठेवली आणि तिला कागदाच्या पट्ट्यांची चटई विणायला दिली. एक पट्टी वरून, एक खालून. हात बसल्यावर पुन्हा सुई दिली, तर मुलगी रफू करू लागली. आधी हालचाल तयार करायची, मग काम द्यायचं. आजच्या ऑक्युपेशनल थेरपीत मुलाला बटण लावायला शिकवतानाही हाच विचार असतो.

काही मुलं लिहावाचायला शिकली आणि साध्या शाळेतल्या मुलांबरोबर परीक्षेला बसून पासही झाली. लोक थक्क झाले. मारियांना मात्र प्रश्न पडला: ही मुलं इथवर येतात, तर धडधाकट मुलांना शाळा इतकं मागे का ठेवते? त्यातून 6 जानेवारी 1907 ला रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांचं पहिलं बालगृह उघडलं. आईने आठवड्यातून एकदा तरी शिक्षिकेला भेटायचंच, हा तिथला नियम होता. (आज याच नावाच्या शाळेत दिव्यांग मुलाला प्रवेश मिळवताना आईबापांच्या चपला झिजतात, ते वेगळंच.)

या सगळ्यात त्यांचं स्वतःचं मूल कुठे होतं? सहकारी डॉक्टर मोंतेसानो यांच्यापासून 1898 मध्ये त्यांना मुलगा झाला, मारियो. लग्न झालं नव्हतं. बाळ खेड्यातल्या एका कुटुंबाकडे ठेवावं लागलं. मोंतेसानोंनी दुसरीशी लग्न केलं आणि 1901 मध्ये मारियांनी ती संस्था सोडली. दुसऱ्यांची मुलं घडवणाऱ्या या बाईंकडे मारियो राहायला आला, तेव्हा तो साधारण पंधरा वर्षांचा होता. त्यानंतरही जगासमोर त्याची ओळख कित्येक वर्षं भाचा किंवा दत्तक मुलगा अशीच राहिली.

1939 मध्ये दोघं शिक्षकांना शिकवायला मद्रासला आले. पुढच्या वर्षी इटली युद्धात उतरली आणि इंग्रजांनी मारियोला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून नजरकैदेत टाकलं. त्याला सोडलं ते 31 ऑगस्ट 1940 ला, आईच्या सत्तराव्या वाढदिवशी. आणि सोडताना सरकारने त्याला तिचा मुलगाच म्हटलं.