राजा रविवर्मा

घाट आधी मनात ठरावा, मग हात चालावा, हे हुपरीचा चांदीकारागीर जाणतो. चित्रकार राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांनीही हाच नियम पाळिला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांजकडून चौदा पौराणिक चित्रे मागविली, तेव्हा पुराणांतील स्त्रियांस कोणता वेष द्यावा, हा प्रश्न उभा राहिला. युरोपातील चित्रकारांस ग्रीक देवतांची वस्त्रे प्राचीन पुतळ्यांवरून कळत. येथे तसा सर्वमान्य नमुना नव्हता. म्हणून ते धाकट्या बंधूंसह उत्तर हिंदुस्थानभर हिंडले. प्रांतोप्रांती वेष निराळाच! अखेर त्यांनी साडी पसंत केली. पुढे १८९४ साली मुंबईत त्यांचा छापखाना निघाला व त्यांच्या देवता गरिबांच्या भिंतींवरही विराजल्या. मुलांनो, आपल्या डोळ्यांपुढे साडी नेसलेली सरस्वती उभी राहते, ती बव्हंशी या परिश्रमांचे फळ होय.