मागील पानावरून पुढे

मी बँकेत लागलो तेव्हा लेजर हाताने लिहायचे दिवस होते. पान भरलं की तळाची शिल्लक पुढच्या पानावर उतरवायची आणि मगच नवी नोंद करायची. जुन्या पानाकडे परत जायचं ते फक्त चूक शोधायला. हीच सवय लिहिण्यातही लागली. छापून झालेली कादंबरी मी पुन्हा कधी उघडली नाही. म्हणून गेल्या वर्षी प्रकाशकांनी माझ्या पहिल्या कादंबरीची नवी आवृत्ती काढायचं म्हटलं, तेव्हा मी टाळाटाळ केली. तीस वर्षांपूर्वीच्या त्या पोरासमोर उभं राहायची भीती वाटत होती, दुसरं काय!

त्या दिवसांत मला सोबत केली ती जोसेफ ऊर्फ ‘जो’ झाविनुलने.

त्याची ओळख झाली ती शोभाताई गुर्टूंमुळे. त्यांचे चिरंजीव, तालवादक त्रिलोक गुर्टू यांचा ‘क्रेझी सेंट्स’ हा अल्बम १९९३ साली आला. शोभाताई त्यात गायल्या आहेत एवढ्यावरच मी तो घेतला. कीबोर्डवर होता झाविनुल. जाझची मोकळीक आणि रॉकचा ठेका यांचा संसार ज्यांनी मांडून दिला, त्यांतला हा एक बिनीचा माणूस.

त्याचा जन्म व्हिएन्नातला, ७ जुलै १९३२चा. लहानपणी हाती आला अकॉर्डियन. पोरवयातच महायुद्ध पाहिलं. १९५९ साली शिष्यवृत्ती घेऊन तो अमेरिकेला, बॉस्टनच्या बर्कली संगीत विद्यालयात गेला. पण लवकरच वर्ग सोडून वाद्यवृंदात शिरला. गायिका डायना वॉशिंग्टनला त्याने साथ केली, मग सॅक्सोफोनवादक कॅननबॉल ॲडर्लीकडे तो जवळजवळ नऊ वर्षं राहिला. तिथेच १९६६ साली ‘मर्सी, मर्सी, मर्सी’ ही त्याची रचना गाजली.

१९६९ साली ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने त्याची ‘इन अ सायलेंट वे’ ही रचना उचलली. ऑस्ट्रियाच्या डोंगरात मेंढरं राखलेल्या दिवसांची आठवण तीत होती. माइल्सने तिच्यातले बरेचसे स्वरमेळ काढून टाकले आणि एका स्थिर स्वरावर ती मांडली. अल्बम अजरामर झाला, पण झाविनुलला ती काटछाट रुचली नव्हती. पुढच्याच वर्षी त्याने स्वतःच्या अल्बमसाठी ती आपल्या मनासारखी ध्वनिमुद्रित केली.

मग सॅक्सोफोनवादक वेन शॉर्टरबरोबर त्याने ‘वेदर रिपोर्ट’ हा वृंद काढला. तो १९८६ पर्यंत चालला. सवयीच्या बोटांनी सवयीचंच वाजतं, म्हणून या पठ्ठ्याने ‘ब्लॅक मार्केट’साठी सिंथेसायझरच्या पट्ट्या उलट्या लावून घेतल्या. म्हणजे पेटीच्या उजव्या टोकाला खर्ज आणि डावीकडे तार! घरी सुचेल तसं वाजवायचं, ते टेपवर घ्यायचं आणि मागाहून सूर न् सूर कागदावर उतरवायचा, अशी त्याची रीत.

माझ्या मनात घर करून राहिलं ते २००५ साल. झाविनुल तेव्हा ७३ वर्षांचा होता. व्हिएन्नातल्या स्वतःच्या क्लबात कोलोनचा डब्ल्यूडीआर बिग बँड घेऊन तो आपल्या जुन्या रचना वाजवायला बसला. ‘ब्लॅक मार्केट’, ‘अ रिमार्क यू मेड’ आणि ‘इन अ सायलेंट वे’सुद्धा. एके काळी एकट्या माणसाने सिंथेसायझरवर अख्खा वृंद उभा केला होता. आता पितळी वाद्यांचा खराखुरा ताफा त्याच ओळी वाजवत होता. ‘ब्राउन स्ट्रीट’ या नावाने तो अल्बम निघाला. ऐकताना जाणवतं, की म्हातारा तरुणपणाची नक्कल करत नाही आणि त्याची चूकही काढत नाही. आपल्याकडे गवई चाळीस वर्षं तीच बंदिश गातो, पण गळा आजचा असतो, तसंच हे.

२००७ साली त्वचेच्या दुर्मीळ कर्करोगाने त्याला गाठलं होतं. पंचाहत्तरावा वाढदिवस त्याने वाजवूनच साजरा केला. त्याच उन्हाळ्यात पत्नी मॅक्सीन गेली. त्याच उन्हाळ्यात हंगेरीत शॉर्टर त्याच्या शेजारी उभा राहिला आणि दोघांनी मिळून वाजवली ती मेंढपाळ पोराची रचना, ‘इन अ सायलेंट वे’. ११ सप्टेंबरला झाविनुल व्हिएन्नातच गेला.

ते वादन ऐकल्यावर मी एका रात्री माझी कादंबरी काढली. वाटलं होतं तितकी लाज वाटली नाही. दोन ठिकाणी तर त्या पोराचा हेवा वाटला. वाजवणाऱ्याला जुनी चीज नव्या हाताने मांडता येते. छापील पुस्तकाला ती सोय नाही. म्हणून मुद्रणदोष सोडून मी काहीच बदललं नाही. मात्र त्यातली एक आत्या, जिला मी तेव्हा दोन पानांत वाटेला लावलं होतं, ती आता माझ्याच वयाची होऊन नव्या वहीत आली आहे. शिल्लक बरीच निघाली म्हणायची.