पॉल द व्हिवी
पॉल द व्हिवी ऊर्फ वेलोसिओ (जन्म : पेर्न, फ्रान्स, २९ एप्रिल १८५३, मृत्यू : सेंत-एत्येन, २७ फेब्रुवारी १९३०) हे फ्रेंच सायकलपटू, सायकल-निर्माते आणि संपादक होते. सायकलीला पुढे एकाऐवजी दोन चेनव्हील लावून चढासाठी वेगळा गिअर मिळवण्याच्या प्रयोगांमुळे ते ओळखले जातात.

पूर्वायुष्य
द व्हिवी प्रथम सेंत-एत्येन येथे रेशमाच्या व्यापारात होते. १८८१ मध्ये त्यांनी पहिली सायकल घेतली आणि हा छंद हळूहळू व्यवसायावर मात करू लागला. १८८७ मध्ये त्यांनी सायकलविषयक नियतकालिक सुरू केले. पुढे ते ‘ले सिक्लिस्त’ या नावाने प्रसिद्ध झाले आणि त्यात द व्हिवी ‘वेलोसिओ’ या टोपणनावाने लिहीत. इंग्लंडमधील कोव्हेंट्रीहून सायकली आणून विकता विकता त्यांनी ‘गोलुआझ’ ही स्वतःची सायकल बाजारात आणली.

दोन चेनव्हीलांचा प्रयोग
सेंत-एत्येनजवळ ११६१ मीटर उंचीची कोल द ला रेपुब्लिक ही खिंड आहे. १८८९ मध्ये तिच्या चढावर चिलीम ओढत चाललेला एक तरुण सायकलस्वार आपल्याला मागे टाकून गेला आणि त्यातून आपल्याला गिअरचा विचार सुचला, असे वेलोसिओ सांगत.

प्रश्न साध्या गणिताचा होता. पुढे ४८ आणि मागे १६ दाते असतील, तर पायडलाच्या एका फेऱ्यात मागचे चाक तीनदा फिरते. पुढे ३२ दाते असतील, तर ते दोनदाच फिरते. अंतर कमी कापले जाते, पण पायावरचा भारही कमी होतो. मुळशी तालुक्यातील नेरे गावाहून साधी, एकाच गिअरची सायकल घेऊन ताम्हिणी घाटाकडे निघालेला माणूस चढ लागताच उतरून ती ढकलू लागतो, त्याचे कारण हेच. सपाटीला योग्य असलेला गिअर घाटात जड पडतो.

वेलोसिओंनी पुढे लहान-मोठी अशी दोन चेनव्हील एकाशेजारी एक बसवली. साखळी एकीवरून दुसरीवर नेण्यासाठी खाली उतरून हात काळे करावे लागत. नंतर त्यांनी डाव्या बाजूलाही अशीच जोडी आणि दुसरी साखळी लावून चार गिअर मिळवले. हा खटाटोप आज गमतीचा वाटला, तरी आजच्या दुहेरी चेनव्हीलमागचा विचार त्यात पूर्णपणे आलेला आहे.

शर्यतींच्या जगातील विरोध
१९०२ मध्ये तूरिंग क्लब द फ्रान्सने घेतलेल्या डोंगरी चाचणीत मार्त एस या महिलेने तीन गिअरच्या गोलुआझवरून, एकाच गिअरच्या सायकलीवर बसलेल्या एदुआर फिशेर या नामवंत स्पर्धकाला मागे टाकले. निकाल स्पष्ट होता, पण ‘लोतो’ या क्रीडा-दैनिकाचे संपादक आंरी देग्रांज यांचे मत बदलले नाही. गिअर ही उतारवयातील लोकांची सोय आहे आणि शर्यत स्नायूंच्या बळावरच जिंकली पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती.

पुढच्याच वर्षी देग्रांज यांनी तूर द फ्रान्स ही शर्यत सुरू केली. तिच्या ल्योन ते मार्सेय या टप्प्यात स्पर्धकांना वेलोसिओंचीच खिंड चढावी लागली. नंतरची अनेक वर्षे व्यावसायिक स्पर्धक मागच्या चाकाच्या दोन बाजूंना दोन वेगवेगळी दातेरी चक्रे लावत आणि चढ आला की उतरून चाक उलटे बसवत.

मृत्यू आणि वारसा
वेलोसिओ शाकाहारी होते आणि एस्पेरांतो भाषेचे पुरस्कर्ते होते. सत्तरी ओलांडल्यावरही त्यांचे लांब पल्ल्याचे प्रवास थांबले नाहीत. सेंत-एत्येनमध्ये ट्रामची धडक बसून त्यांचा मृत्यू झाला. तूर द फ्रान्समध्ये डिरेलरला परवानगी मिळाली ती १९३७ मध्ये, म्हणजे त्यांच्यामागे सात वर्षांनी.

पुढे दुहेरी चेनव्हील व्यावसायिक शर्यतींत सर्वमान्य झाले. आता मागे तेरापर्यंत चक्रे बसत असल्याने पुढे एकच चेनव्हील पुरेसे आहे का, हा वाद पुन्हा सुरू झाला आहे. २०१८ मध्ये आयर्लंडचा अॅक्वा ब्लू संघ तशाच सायकलींवर उतरला होता. २०२३ च्या जिरो दितालियात माँते लुसारीच्या चढावर प्रिमोझ रोग्लिचनेही एकच चेनव्हील वापरले. वाटेत साखळी निसटूनही त्याने तो टप्पा आणि शर्यत जिंकली.

वेलोसिओंच्या हयातीत, १९२२ पासून, त्यांच्या सन्मानार्थ कोल द ला रेपुब्लिक चढण्याचा वार्षिक कार्यक्रम सुरू झाला. खिंडीच्या माथ्यावर त्यांचे स्मारक आहे.