जुन्या कपड्यांतून रुग्णसेवा : सू रायडर



सू रायडर यांचा जन्म १९२४ साली इंग्लंडमध्ये झाला. दुसऱ्या महायुद्धात गुप्त मोहिमांवर जाणाऱ्या पोलिश सैनिकांबरोबर त्यांनी काम केले. त्यांपैकी कित्येक परतले नाहीत. युद्धानंतर छळछावण्यांतून सुटलेल्या निराधारांची त्यांनी सेवा केली. मृतांचे स्मारक दगडाचे नको, जिवंतांच्या सेवेचे हवे, या विचाराने १९५३ साली त्यांनी संस्था स्थापन केली.

सू रायडर यांनी कॅथोलिक श्रद्धा स्वीकारली. ५ एप्रिल १९५९ रोजी मुंबईच्या कॅथोलिक कॅथेड्रलमध्ये लेनर्ड चेशर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याच वर्षी या दांपत्याने डेहराडूनला ‘राफाएल’ केंद्र सुरू केले. तेथे कुष्ठरोग्यांना व अपंगांना आधार मिळाला.

खर्च कसा भागवायचा? लोकांनी दिलेले जुने कपडे, भांडी, पुस्तके संस्थेच्या गावोगावच्या दुकानांत विकली जात. बरेच स्वयंसेवक बिनपगारी राबत. त्या पैशातून मरणासन्न रुग्णांची शुश्रूषा होई. आजही ही दुकाने चालू आहेत.

२ नोव्हेंबर २००० रोजी, सर्व मृत भाविकांच्या स्मरणदिनी, त्या देवाघरी गेल्या.

फाटके, मळके देणे म्हणजे दान नव्हे. कपाटातील चांगले कपडे धुऊन, इस्त्री करून देऊ या. घेणारा आपल्याच बरोबरीचा आहे.

आपला धर्मगुरू