विश्लेषण : शोपाँ यांचे दोन पियानो, एक जपला गेला, दुसरा जळाला... नेमके काय घडले?

घरातील माणूस गेल्यावर त्याच्या वाद्याचे काय करायचे? विख्यात संगीतकार फ्रेडरिक शोपाँ यांच्या दोन्ही बहिणींनी ते जपायचे ठरवले. तरीही एकच पियानो वाचला.

पहिला पियानो कोणता?

शोपाँ यांचा जन्म १८१० मध्ये पोलंडमधील वॉर्साजवळच्या खेड्यात झाला. तरुणपणी ते वॉर्सातील कारागीर बुखहोल्ट्झ यांनी घडवलेल्या पियानोवर वाजवत. नोव्हेंबर १८३० मध्ये, विसाव्या वर्षी, ते व्हिएन्नाला निघाले. काही आठवड्यांतच वॉर्सात रशियन सत्तेविरुद्ध उठाव झाला आणि पुढच्या वर्षी तो चिरडला गेला. शोपाँ पॅरिसमध्ये स्थायिक झाले; मायदेशी पुन्हा कधीच परतले नाहीत. पियानो मात्र घरीच राहिला.

दुसरा पियानो कुठून आला?

अखेरच्या काळात शोपाँ यांच्याकडे प्लेयेल कंपनीने वापरायला दिलेला पियानो होता. १७ ऑक्टोबर १८४९ रोजी, वयाच्या ३९व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या सामानाचा लिलाव झाला. जेन स्टर्लिंग या स्कॉटिश शिष्येने प्लेयेल पियानो विकत घेऊन थोरली बहीण लुद्विका यांना वॉर्साला पाठवला. भावाच्या इच्छेनुसार त्यांचे हृदयही लुद्विका यांनीच मायदेशी नेले होते.

मग घात कुठे झाला?

आई-वडिलांच्या पश्चात जुना पियानो धाकटी बहीण इझाबेला यांच्याकडे होता. त्या वॉर्सातील झामोयस्की राजवाड्यात राहत. १९ सप्टेंबर १८६३ रोजी या वास्तूतून रशियन गव्हर्नर बेर्ग यांच्यावर हल्ला झाला. बेर्ग वाचले, पण सैनिकांनी सूड म्हणून घरे लुटली, सामान खिडक्यांतून फेकले आणि रस्त्यावर जाळले. त्यात पियानोही गेला, शोपाँ यांची घरच्यांना लिहिलेली पत्रेही गेली. या घटनेवर पोलिश कवी नॉर्विद यांनी लिहिलेली कविता प्रसिद्ध आहे.

आज काय उरले आहे?

प्लेयेल पियानो वॉर्सातील शोपाँ संग्रहालयात आहे. जळालेल्या पियानोच्या धर्तीवर, बुखहोल्ट्झ यांच्याच दुसऱ्या वाद्यांच्या आधारे, नवा पियानो घडवून २०१८ मध्ये वॉर्सात सादर करण्यात आला. त्यामुळे तरुण शोपाँ यांच्या बोटांखाली उमटणारा नाद कसा असेल, याचा अंदाज येतो. पत्रांची मात्र प्रतिकृती होऊ शकत नाही.