तेरावा अध्याय : आर्जव, आणि बर्नचे एक सर्जन



तेराव्या अध्यायात आपली ज्ञानाची लक्षणं चालू आहेत. अमानित्व, अदंभित्व, अहिंसा, क्षांती झालं. आज आर्जव, म्हणजे सरळपणा. मधले पाच दिवस पोस्ट आली नाही, माफ करा. आईचं थायरॉईडचं ऑपरेशन होतं. आई आमच्या सोसायटीच्या भजनी मंडळात गाते. सही घेताना डॉक्टरांनी सांगितलं की आवाजाची नस या ग्रंथीला अगदी लागून जाते. आईने एकच विचारलं, गाता येईल ना?

बाहेर बाकावर बसून मी फोनवर या ऑपरेशनचा इतिहास वाचायला लागले आणि एका माणसापाशी थांबले. थिओडोर कोखर. आपल्याकडच्या ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर 'कोकर' म्हणून जो दात असलेला चिमटा हातात देतात ना, तो यांच्याच नावाचा.

जन्म १८४१ चा, स्वित्झर्लंडमधल्या बर्नचा. वडील इंजिनीयर, आई मोरेव्हियन पंथाची, अतिशय श्रद्धाळू. कोखर स्वतःही शेवटपर्यंत तसेच राहिले. १८७२ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षाच्या आसपास, ते बर्नला सर्जरीचे प्रोफेसर झाले आणि मरेपर्यंत तिथेच राहिले. बाहेरून बोलावणी आली, पण गाव सोडलं नाही.

आल्प्सच्या डोंगराळ भागात माती-पाण्यात आयोडीन कमी, त्यामुळे घरोघरी गलगंड. गाठ इतकी वाढायची की श्वास कोंडायचा. पण ऑपरेशन म्हणजे जवळजवळ मरणच. ही ग्रंथी रक्ताने नुसती भरलेली असते. घाईघाईत कापायचं, रक्त थांबायचं नाही, वाचलाच पेशंट तर जखम पिकायची. त्या काळातले मोठमोठे सर्जनही याला हात लावू नका म्हणायचे.

कोखरांनी घाई सोडली. लिस्टर यांची जंतुनाशक पद्धत घेतली. गळ्यावर कॉलरसारखा आडवा छेद, मग आधी रक्तवाहिन्या एकेक करून बांधायच्या, आणि नंतरच ग्रंथी सोडवायची. प्रत्येक पदर ओळखून, कोरडं क्षेत्र ठेवून. पुढे पुढे तर ते पूर्ण भूल देण्याऐवजी फक्त ती जागा बधिर करून ऑपरेशन करू लागले, म्हणजे पेशंटला मधेच बोलायला लावून नस शाबूत आहे का ते कळायचं. हे वाचताना मला माउलींचं अहिंसेवरचं निरूपण आठवलं. तिथे चालणं, बघणं, बोलणं आणि हातसुद्धा कसे असावेत, हे किती बारकाईने येतं!

मृत्यूचं प्रमाण उतरत उतरत शेवटी शंभरात एकाच्याही खाली आलं. गोष्ट इथे संपली असती तर मी ही पोस्ट लिहिली नसती.

१८७४ च्या जानेवारीत त्यांनी ११ वर्षांच्या एका मुलीची संपूर्ण ग्रंथी काढली. ऑपरेशन उत्तम झालं. काही महिन्यांनी गावाकडच्या डॉक्टरांनी कळवलं की पोर बदललीये, मंद झालीये. कोखरांनी फारसं मनावर घेतलं नाही. घ्यायचं कशाला? जखम छान भरली होती!

आठ वर्षं गेली. १८८२ मध्ये जिनिव्हाचे सर्जन रेव्हेर्दां भेटले. त्यांच्याही पेशंटमध्ये असंच काही दिसत होतं. आता मात्र कोखरांनी जुन्या पेशंटना पत्रं पाठवून परत बोलावलं. विचार करा, तुमचं नाव झालंय, आकडे उत्तम आहेत, आणि तुम्ही स्वतःच चूक शोधायला निघता. ग्रंथी पूर्ण काढलेले १८ जण त्यांनी तपासले. त्यांतले १६ सुजलेले, थकलेले, बोलणं-विचार संथ झालेले. ती मुलगीही त्यांत होती, वाढ खुंटलेली.

गंमत म्हणावी की दुर्दैव? व्हिएन्नाचे बिलरोथ भराभर ऑपरेशन करायचे, त्यांच्याकडे ग्रंथीचे तुकडे मागे राहून जायचे, त्यामुळे पेशंटना हा त्रास कमी (त्यांच्याकडे पॅराथायरॉईडला इजा होऊन हातपाय आकडी येऊन वळायचे, ते वेगळं). कोखरांचं काम इतकं स्वच्छ, की मागे काहीच उरायचं नाही. त्यांच्या कौशल्यानेच नुकसान केलं होतं.

एप्रिल १८८३ मध्ये बर्लिनला जर्मन सर्जनांच्या परिषदेत त्यांनी हे सगळं उभं राहून सांगितलं. साध्या गलगंडासाठी ग्रंथी पूर्ण काढणं बंद केलं, थोडा भाग ठेवायचाच. त्याच वर्षी एका पेशंटमध्ये थायरॉईडचा तुकडा पुन्हा बसवून पाहिला. तो टिकला नाही. मेंढीच्या ग्रंथीचा अर्क देऊन उपचार व्हायला १८९१ उजाडलं.

एक खरं सांगते, ते संत नव्हते. असं का होतं याचं त्यांचं पहिलं स्पष्टीकरण चुकलं (श्वासनलिका आक्रसते म्हणून, असं त्यांना वाटलं). आणि श्रेय कुणाचं यावरून रेव्हेर्दांशी जो वाद झाला, त्यात त्यांनी मोठं मन दाखवलं असं मला म्हणवत नाही. म्हणजे अमानित्वात मार्क कमी. पण आर्जव? स्वतःच्या १६ चुका भर सभेत मांडणं?

१९०९ मध्ये थायरॉईडवरच्या कामासाठीच त्यांना नोबेल मिळालं, सर्जनला मिळालेलं पहिलं. जुलै १९१७ मध्ये एका संध्याकाळी तातडीचं ऑपरेशन आलं, ते जाऊन करून आले, बरं वाटेना म्हणून झोपले, आणि २७ तारखेला गेले. वय पंचाहत्तर.

आईची अर्धी ग्रंथी ठेवलीये. भूल उतरल्यावर डॉक्टरांनी आधी तिला बोलायला लावलं. काल संध्याकाळी उशीला टेकून तिने हळूच हरिपाठ म्हटला. आवाज थोडा बसलाय, महिनाभर ताणायचा नाही.

उद्या आचार्योपासन.